एकोणिसावा रकाना

तुरुंगात सगळे त्याला टिपकागद म्हणत. त्याच्यासमोर काहीही बोला, तो ते शोषून घेई आणि वरून कोरडाच दिसे. पहारेकरी त्याच्याकडे एकमेकांच्या चहाड्या करत, अधीक्षक स्वतःच्या सासूबद्दल बोलत, कैदी रडत. पुढे काही जात नसे. सव्वीस वर्षं तो आवक खोलीत बसला होता. नवा कैदी आला की त्याचा फॉर्म भरायचा, आणि दुपारनंतर आत येणारी व बाहेर जाणारी पत्रं वाचून त्यांवर 'तपासले' असा शिक्का मारायचा.

खोलीत एक टेबल, एक वजनकाटा आणि भिंतीवर उंची मोजायच्या रेघा. साडेपाच फुटांच्या आसपासचा रंग माणसांच्या डोक्यांनी घासून गेला होता. त्या उंचीची माणसं सगळ्यात जास्त पकडली जातात, की जगात तीच जास्त आहेत, असा एक निरुपद्रवी प्रश्न त्याला अधूनमधून पडे.

फॉर्मला तेवीस रकाने. पहिल्या आठांत लिहावं लागे. उरलेल्या पंधरांत फक्त खूण करायची. अंगावरच्या जखमा नोंदवल्या का, पट्टा काढून घेतला का, नियम वाचून दाखवले का. या पंधरा खुणा टिपकागद पेन न उचलता करी. वरून खाली एक सलग नागमोडी रेघ, आणि प्रत्येक रकान्यात तिचं एकेक टोक बरोब्बर बसलेलं. नवे कारकून ती बघायला उभे राहत. कारकुनांच्या बदल्यांबरोबर ती रेघ आणखी तीन तुरुंगांत पोचली होती, आणि तिकडे तिला 'टिपकागदचा जिना' म्हणत. त्याला त्याचा अभिमान होता. आयुष्यात झोकदार म्हणावी अशी त्याच्याकडे तेवढी एकच गोष्ट होती.

एकोणिसाव्या रकान्यात छापलं होतं: 'कैदी परदेशी असल्यास, आपल्या वकिलातीला कळवण्याचा त्याला हक्क आहे, हे त्यास सांगितले काय?' टिपकागदच्या जन्माआधी कधीतरी पुष्कळ देशांनी मिळून एका करारावर सह्या केल्या होत्या. त्यात त्याच्याही देशाची सही होती. त्या सहीचा या खोलीपर्यंत पोचलेला अंश म्हणजे हा रकाना. परदेशी कैदी तीन-चार वर्षांत एखादा यायचा. जिना त्या रकान्यावरूनही तसाच खाली उतरे.

सहा वर्षांपूर्वी पाहुणा आला, तेव्हाही उतरला.

पाहुणा हे नाव पहारेकऱ्यांनी ठेवलेलं. शेजारच्या देशातून गोदामात हमालीला आलेला तरुण, ओठ सुजलेला, इथल्या भाषेचे दहा-बारा शब्द येणारा. गोदामाच्या रखवालदाराशी त्याचं भांडण झालं, लोखंडी पहार डोक्यात बसली आणि रखवालदार मेला. पहार आपण मारली हे त्याने कधीच नाकारलं नाही. आधी रखवालदाराने गळा धरला, एवढंच त्याचं म्हणणं. ते पाहणारा एकजण होता, त्याच्याच गावचा दुसरा हमाल; तो घाबरून त्याच दिवशी सीमा ओलांडून पळाला. त्याला शोधून आणायचं तर तिकडच्या सरकारनेच आणायला हवं होतं. तिकडच्या सरकारला काही माहीतच नव्हतं. खटला नऊ दिवस चालला. शिक्षा मृत्यूची.

बहिणीला कळायला वर्ष गेलं. तिच्या भाषेतली पत्रं तपासायला इथे कुणी नव्हतं, आणि न तपासलेलं पत्र आत जात नसे. म्हणून ती शब्दकोश घेऊन इथल्या भाषेत लिहायला शिकली. पाहुणाही आत बसून तीच भाषा शिकला. शब्द अडला की तो गजांतून टिपकागदला विचारी आणि त्याला 'मास्तर' म्हणे. अशी ती दोन भावंडं पाच वर्षं एकमेकांशी परक्या भाषेत बोलत राहिली, आणि मध्ये टिपकागद. तिच्या चुका त्याला पाठ झाल्या होत्या. 'तू जेवतोस ना' ऐवजी ती 'तू भोजन करतोस की कसे' असं लिही, आणि तो वाक्य न दुरुस्त करता आत पाठवी.

एका पत्रात तिने विचारलं होतं, 'आपल्या वकिलातीस कळविण्याचा हक्क आहे, हे तुला कोणी बोलले नाही काय?'

टिपकागदने ते वाक्य तीनदा वाचलं. मग शिक्का मारून पत्र आत दिलं. त्या दिवशी डबा तसाच घरी परत गेला.

पाहुण्याच्या देशाने दावा लावला तो इथल्या कोर्टात नव्हे. समुद्रापलीकडे एका शहरात मोठं न्यायालय होतं, जिथे देश देशांवर फिर्याद करतात. बातमी आली त्या रविवारी मेहुणा जेवायला आला होता. त्याचं टायरचं दुकान होतं आणि आवाज दुकानाच्या बाहेर ऐकू जाईल असा.

"हे बघा भाऊजी, मेला तो माणूस इथला. रक्त सांडलं इथे. त्याची बायको अजून त्याच गल्लीत राहते. आणि निकाल कोण देणार, तर कुठले कोण पंधरा म्हातारे?"

"सही आपणच केली होती ना करारावर," टिपकागद म्हणाला.

"सही! मी बँकेच्या कागदांवर किती सह्या केल्यात, वाचलाय का एक तरी?"

"म्हणून तर तुझं दुकान वहिनीच्या नावावर आहे," टिपकागदची बायको म्हणाली आणि वाढायला वाकली. हसणं झालं. पण रखवालदाराच्या बायकोबद्दलचं वाक्य टिपकागदच्या मनात राहिलं. मेहुण्याचं सगळंच खोटं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात इथल्या परराष्ट्र खात्याची वकीलबाई आली. तरुण, डोळ्यांखाली काळं, हातात जाडजूड फाईल. तिने फॉर्मची प्रत टेबलावर ठेवली आणि एकोणिसाव्या रकान्यावर बोट.

"ही खूण तुमची?"

"हो."

"तुम्ही त्याला सांगितलं होतं?"

आता 'हो' म्हणणं सोपं होतं. साक्षीदार नव्हता. अधीक्षकांनी सकाळी दारातच खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "अरे, सव्वीस वर्षं झाली तुला. आता कशाला नसतं लचांड गळ्यात घेतोस?"

"खरं बोललो तर काय होईल?" टिपकागदने विचारलं.

बाईने पेन खाली ठेवलं. "तुम्हाला? ताकीद मिळेल, फार तर बढती अडेल. त्याला? फेरसुनावणी मिळू शकते. तो दुसरा हमाल सापडलाय त्यांना. तुम्ही जे लिहून द्याल त्याचा उपयोग त्याच्यासाठीच होईल."

त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'मी कैद्यास सांगितले नाही. खूण सवयीने केली. या रकान्याबाबत मला कोणीही कधी विचारले नव्हते.' तिने शेवटचं वाक्य वाचलं. "हे लागणार नाही," ती मऊ आवाजात म्हणाली, "नेमकं असलेलं बरं." त्याने ते खोडलं.

पाहुण्याला त्याने स्वतः जाऊन सांगितलं. पाहुण्याने हातातलं पत्र घडी करून उशाखाली ठेवलं. मग म्हणाला, "इतकी वर्षं तुम्ही पत्रं आणून देत होता मास्तर. मला वाटायचं, हा माणूस माझं काय देणं लागतो?"

"आता लिहून दिलंय."

"मग ठीक," पाहुणा म्हणाला. त्याने माफ केलं की नाही, ते त्यावरून कळत नव्हतं.

चार महिन्यांनी निकाल लागला. कार्यालयातल्या टीव्हीपुढे पहारेकऱ्यांची गर्दी झाली. इथल्या देशाने करार मोडला होता. खटला पुन्हा तपासावा. तोवर शिक्षा देऊ नये. टिपकागद जवळजवळ धावत आत गेला. सव्वीस वर्षांत त्याला धावताना कुणी पाहिलं नव्हतं. एका कैद्याला वाटलं कुठे आग लागली. पाहुणा गजांना धरून खाली बसला. त्याने बहिणीला लिहिलं, आणि पत्र बाहेर जाण्याआधी टिपकागदने, नियम मोडून, खाली आपल्या हाताने एक ओळ घातली: 'आपला भाऊ वाचला. काळजी नसावी. — पत्रे तपासणारा.'

अठरा दिवसांनी मंत्री बोलले. न्यायालयाबद्दल आदर आहे, असं म्हणून त्यांनी सुरुवात केली. पण हा देश सार्वभौम आहे, आणि इथल्या न्यायाधीशांच्या डोक्यावर बाहेरचं कुणी बसू शकत नाही. राहता राहिला करार. "एका कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या हातून नजरचूक झाली. त्याने ती प्रामाणिकपणे लेखी कबूल केली आहे. ते कबुलीपत्र जोडून आम्ही त्या देशाकडे रीतसर दिलगिरी पाठवली. आमच्या दृष्टीने विषय संपला." पडद्यावर क्षणभर तो कागद दाखवला. आपलं अक्षर टिपकागदने भिंतीइतकं मोठं पाहिलं. खोडलेली ओळ त्या प्रतीत नव्हती. कुणीतरी ती नीट झाकून घेतली होती.

केसाने गळा कापणं म्हणतात ते असं. कापताना कळतसुद्धा नाही. उलट मान आपणच पुढे केलेली असते.

त्याने वकीलबाईला फोन लावला. तिने उचलला, हे त्याला पुढे आयुष्यभर नवल वाटत राहिलं.

"तुम्ही म्हणालात, त्याच्यासाठी."

"मला तसंच वाटलं होतं," ती म्हणाली. मागे कुठेतरी लिफ्टची घंटी वाजली. "खरंच वाटलं होतं. पण कागद एकदा वर गेला की त्याचा उपयोग कुणाला होईल, ते आपण नाही हो ठरवत."

"खोडायला तुम्ही लावलंत."

तिकडून फोन ठेवला गेला.

ताकीद आली नाही, हे सगळ्यात वाईट. अधीक्षकांनी चहा मागवला. "वाचवलंस बाबा आम्हाला," ते म्हणाले. "नाहीतर प्रकरण सगळ्या खात्यावर शेकलं असतं." मेहुण्याने मिठाईचा पुडा आणला आणि भाऊजींच्या पाठीवर थाप मारली. बायकोने तो पुडा उघडला नाही. भाऊ गेल्यावर तिने विचारलं, "अहो, तुम्ही खोटं बोलला असता तर?"

"तर ते खोटं ठरवायला सगळं पुन्हा उकरावं लागलं असतं. तारखा, साक्षी, सगळं." तो हात धुवायला उठला. "मी खरं बोलून त्यांचं काम हलकं केलं."

पाहुण्यापर्यंत हे, आणि शिक्षेचा ठरलेला दिवसही, पहारेकऱ्यांनी पोचवलं होतं. टिपकागद गजांपाशी गेला, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"तुम्हीही त्यांच्यातलेच होता," तो म्हणाला. मास्तर म्हणाला नाही.

टिपकागदला सांगायचं होतं की मलाही तोंडघशी पाडलं. पण ज्याला गुरुवारी अकरा वाजता मरायचं आहे, त्याच्यापुढे स्वतःची फसवणूक कुठल्या तोंडाने मांडायची? तो तसाच उभा राहिला.

यावेळी वकिलातीला शिक्षेची तारीख चोवीस तासांच्या आत कळवली गेली, पोच घेऊन, दोन प्रतींत. त्यामुळे बहीण वेळेवर आली. शेवटची भेट दहाला संपली आणि ती आवक खोलीबाहेरच्या बाकावर येऊन बसली. चाळिशीची, शिक्षिकेसारखी, मांडीवर पर्स उभी धरलेली. टिपकागदने तिला अक्षरावरून ओळखावं तसं ओळखलं. तो बाहेर आला.

"मी पत्रे तपासणारा," तो म्हणाला.

तिने वर पाहिलं. थप्पड मारली असती तर त्याला हायसं वाटलं असतं. ती बाकावर थोडी सरकली. तो बसला.

पावणेअकराला अधीक्षक स्वतः आले. शिक्षेचे साक्षीदार म्हणून दोन सह्या लागत. एक डॉक्टरची, दुसरी आवक कारकुनाची.

"चल रे. सही हवी तुझी."

"दुसऱ्या कुणाची घ्या साहेब."

"नियमाने तुझीच लागते. वरून आलंय."

"वरून आलेलं आपण मानायचं नसतं ना," टिपकागद म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मंत्रीसाहेब म्हणाले. देश सार्वभौम आहे. मग आज मीही आहे."

अधीक्षकांचा चेहरा लाल झाला. त्यांनी बहिणीकडे एकदा पाहिलं. "याचे परिणाम होतील," एवढं म्हणून ते वळले. पलीकडच्या खोलीतून त्यांनी कोठाराच्या कारकुनाला हाक मारली, आणि तो कारकून शर्ट आत खोचत लगबगीने गेला. दार लागलं. टिपकागदच्या नकाराने कशालाही एक मिनिट उशीर झाला नाही.

अकरा वाजून गेले. बहिणीने हात पर्सवरून काढले नाहीत. बऱ्याच वेळाने ती, शब्द जुळवून जुळवून, म्हणाली, "आपण कार्यालयातील मनुष्य आहात. एक सांगा. मोठ्या न्यायालयाने आज्ञा केली. ती आज्ञा पाळली नाही. याची तक्रार कोणाकडे करतात?"

सव्वीस वर्षं लोक त्याला हेच विचारत आले होते, कुठला अर्ज, कुठली खिडकी, कुठला साहेब. त्याने कुणाला कधी रिकाम्या हाताने परत पाठवलं नव्हतं. त्याने खरोखरच मनातल्या मनात सगळी दारं एकेक करून उघडून पाहिली, इथली आणि समुद्रापलीकडचीही.

"मला माहीत नाही, ताई," तो म्हणाला.

तिने मान हलवली, जणू शब्दकोशात तो शब्द तिला आधीच सापडला होता. मग भावाचे कपडे कुठे मिळतील, असं तिने विचारलं. ते त्याला माहीत होतं. तो उठला आणि आणायला गेला.