सहीखालची तारीख

मनोरुग्णालयाच्या टेबलावर माझ्यापुढे अर्ज होता आणि शेजारच्या खुर्चीत माझी धाकटी बहीण सुधा, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. आठ दिवस तिने अन्नाला हात लावला नव्हता. मी जेवणात विष कालवतो, असं तिच्या मनाने घेतलं होतं. दोन डॉक्टरांनी तिला वेगवेगळं तपासलं होतं. इच्छेविरुद्ध दाखल करायचं, तर कायद्याला कारण लागतं: जिवाला धोका आहे आणि आपलं भलंबुरं तिला कळत नाही.

धोका दिसतच होता. बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या. पण ‘कळत नाही’पाशी माझं पेन अडलं. एखाद्याला काय कळतं, हे दुसऱ्याने कशावरून ठरवायचं? मीच चुकत असेन तर? बरी झाल्यावर तरी ती माझ्या हातचं खाईल का?

शेवटी सही केली. तहसील कचेरीत आयुष्यभर लोकांचे अर्ज तपासलेल्या सुधाने मान वाकवून कागद पाहिला.

“दादा, सहीखाली तारीख राहिली. असा अर्ज परत येतो.”

मला आजची तारीख आठवेना. तिनेच सांगितली. मी लिहिली.