तळाच्या पाण्यातलं तांबं

मला स्वस्थ बसवत नाही, हा जुनाच रोग. त्यात पीएचडीचा विषय असा पदरात पडला, की विचारू नका. समुद्राच्या ज्या खोलगट भागात तळाला प्राणवायू उरत नाही, तिथं धातू येतात कुठून आणि जातात कुठं. येतात वाऱ्याच्या धुळीतून, नद्यांच्या गाळातून, कणाकणानं. तळाशी लोखंड गाळातून सुटतं आणि पुन्हा पाण्यात चढतं. तांबं मात्र गंधकाला चिकटून खाली बसतं. म्हणजे तळाच्या पाण्यात ते जवळजवळ नसायलाच हवं.

बोटीवरून भरून आणलेल्या माझ्या तळाच्या पाण्याच्या बाटलीत ते ढिगानं निघालं.

सर खूश. "नवीन काहीतरी सापडलंय," म्हणाले. मला मात्र अन्न गोड लागेना. त्या थराची ती एकच बाटली होती, बोट परत कधी जाणार कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि अख्खा प्रबंध आता त्या आकड्यावर उभा राहणार होता. यंत्र तीनदा तपासलं. हातमोजे, झाकणं, पिशव्या, सगळं आठवून पाहिलं. गोव्याला बोटीतून उतरून पुण्याला येताना वाट वाकडी करून दोन दिवस कन्हेरीला घरी थांबले होते, तेवढंच काय ते. पण बाटल्यांची पेटी तर तिथं कपाटात होती.

रविवारी सकाळी आईचा फोन आला. उसाचं पाणी, म्हशीचं दूध, सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "तुज्या त्या समुद्राच्या पाण्यानं देवाचा तांब्याचा गडू कसला लख्ख निघालाय गं."

पाणी टिकावं म्हणून आम्ही त्यात आम्ल घालतो. ते तांबं ओढून घेणारच की.

"आई, कुठलं पाणी घेतलंस तू?"

"एकाच बाटलीतलं. दिसभर त्या गडवात घालून देवापुढं ठिवलं आन् सांजंला व्हतं तसं भरलं. थेंब सांडला न्हाय. लई घोर लागला हुता ना तुला त्या बाटल्यांचा, म्हून."

राग असा आला, की फोन भिंतीवर आपटावा. आणि लगेच रडूच आलं. कसाबसा फोन ठेवला.

दुपारी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "काढून टाक तो आकडा." काढला. त्याबरोबर एक प्रकरणही गेलं.

संध्याकाळी आईचा परत फोन. सकाळी माझा आवाज तिला बरा वाटला नव्हता.

"चांगलं निघालं न्हवं पाणी?"

"व्हय आई. लई चांगलं निघालं."

"मग फुडल्या खेपंला समद्या बाटल्या आन. समद्या ठिवते."