झोपू द्या त्याले

बर्फातल्या चौकीवर आम्ही आठजण होतो. हवालदार रामटेके कमांडर, मी नर्सिंग असिस्टंट. दोघेही नागपूरकडचे, त्यामुळे बर्फातही आमची भांडणं सावजी मटणावरून. रेडिओवर रोजचं तेच. "चौकी, रिपोर्ट." "चौकी ओके, ओव्हर."

एकदा नायक दिलीप पहारा संपवून आला, स्लीपिंग बॅगमध्ये शिरला आणि जोरात घोरू लागला. मध्येच घरघर. रामटेके म्हणाला, "थकला आहे. झोपू द्या त्याले." आम्हा सगळ्यांना पटलं. दिलीप उठलाच नाही. विरळ हवेनं त्याच्या फुप्फुसात पाणी झालं होतं.

यंदा खापरखेड्याला रामटेकेच्या घरी जेवण होतं. रिटायर झाल्यापासून पठ्ठ्या कमरेनं बेजार. दोन पेग रम घेतली, मटण हाणलं आणि भरदुपारी आतल्या खोलीत आडवा झाला. मी बडीशेप चघळत होतो. आतून घोरणं आलं. मग थांबलं. मग घरघर.

मी उठलो तशा वहिनी म्हणाल्या, "झोपू द्या ना भाऊजी. किती दिवसांनी असे झोपून राहिले."

"गोळ्या कोणत्या घेतल्या यानं?"

"कमरेची. अन् झोपेची, ते इतवारीतल्या दुसऱ्या डॉक्टरनं देल्ली."

मी आत धावलो. ओठ निळसर. "हवालदार रामटेके, रिपोर्ट!" खांदा गदागदा हलवला. उत्तर नाही. वहिनींना ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितली, त्याला कुशीवर वळवलं, हनुवटी वर धरली आणि ओरडत राहिलो. भलताच घाबरलो होतो हो!

दवाखान्यात इंजेक्शननं तो परतला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुखण्याची गोळी अफूच्या जातीची आहे. ती श्वास मंद करते. झोपेची गोळीही करते, दारूही. तिन्ही एकत्र आल्या की श्वास बंदच पडतो."

दोन डॉक्टरांना एकमेकांच्या गोळ्यांचा पत्ता नव्हता. आणि रमचं म्हणाल, तर आम्ही फौजी तिला दारू मानतो कुठे? राशन मानतो. घात होतो तो इथेच.

दुसऱ्या दिवशी रामटेके गुरगुरला, "मस्त झोपलो होतो बे. काहून उठवलं?"

"दिलीपले उठवलं नव्हतं ना, म्हणून."

त्यानं छताकडे पाहिलं. मग म्हणाला, "वाचला असता ना गा तो?"

मी त्याचा हात धरून बसलो.