माझ्या छातीचा फोटो, इंदूचं काळीज

भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून चहा ठेवायला जाणारी बाई. उभा जन्म शाळेत शास्त्र शिकवलं. अंगात येणं, दृष्ट काढणं असलं काही घरात चालू दिलं नाही, त्यावरून सासूबाईंशी कैकदा खटके उडाले. तेव्हा हे मी लिहितेय म्हणजे बघा...

त्र्याहत्तरचा उन्हाळा, दुष्काळाचा. मी नगरला शाळेत लागले होते आणि नोकरी कायम व्हायची होती. त्यासाठी डॉक्टरी तपासणी, त्यात छातीचा एक्स-रे. आम्ही नवराबायको सावेडीला राहायचो, तेव्हा तिथे चार घरं आणि बाकी माळ होता.

आमचं माहेर कर्जतकडचं, शेतकऱ्याचं. मी सिंधू आणि माझी जुळी बहीण इंदू. तोंडं एकसारखी, पण ती डावरी. माझ्या डोक्यातला भोवरा एका अंगाला फिरलेला, तिचा दुसऱ्या. डाव्या हातानं भाकरी मोडली की वडील, म्हणजे अण्णा, चापट मारायचे, म्हणून पोरगी जेवायची उजव्या हातानं आणि बाकी सगळं डाव्यानं! रात्री आम्ही एका वाकळेवर तोंडासमोर तोंड करून झोपायचो. तिचं काळीज माझ्या काळजाच्या अगदी समोर धडधडायचं. मला वाटायचं, सगळ्यांचं असंच असतं. लग्नानंतर लक्षात आलं, यांचं तसं लागत नाही... पण असल्या गोष्टी विचारायच्या कुणाला? हसले आणि विसरून गेले.

इंदूला श्रीगोंद्याजवळ दिली होती. माझ्या तपासणीच्या आदल्या दिवशी तिचा दीर बाजाराला आला होता, तो दारात उभ्याउभ्याच सांगून गेला, "ताई, वैनीचं पोट लई दुखतंय, तापबी हाय. डाव्या अंगाला दुखतंय म्हून डाक्टर म्हनला अपेंडिक्स न्हाई, वायू धरलाय. आई म्हनती बेंबी सरकलीय. रोज तेल लावून चोळतीय."

जीवाला घोर लागला. तपासणी उरकते आणि जाते, असं ठरवलं.

सकाळी दवाखान्यात पहिला नंबर माझाच. फोटो काढणारे गृहस्थ वयस्कर, अगदी शिस्तीचे. "छाती टेकवा. श्वास घ्या... रोखा." पत्रा गारगार लागला, उन्हाळ्यात बरंच वाटलं.

थोड्या वेळानं डॉक्टरांनी ओली फिल्म खिडकीसमोर धरली, फिरवली, पुन्हा धरली. मग माझ्या छातीला नळी लावली. ठोके डावीकडे, जिथे असावेत तिथेच. फिल्ममध्ये मात्र हृदय उजवीकडे!

"अहो, फिल्म उलटी केलीत का?" ते ओरडले.

"न्हाई साहेब."

मी म्हटलं, "डॉक्टर, माझं डाव्या बाजूचं गळ्याजवळचं हाड लहानपणी मोडलं होतं. अजून गाठ लागते हाताला. ते बघा." त्यांनी बघितलं. फिल्ममध्ये गाठ ना डावीकडे, ना उजवीकडे. म्हणजे उलटवण्याचा प्रश्नच नव्हता. दुसरा फोटो काढला, त्यात हृदय डावीकडे आणि हाडाची गाठ जागच्या जागी.

"मग ही पहिली कुणाची?"

"साहेब, सकाळपासनं दुसरं कुनी आलंच न्हाई." म्हातारबुवा रडकुंडीला आले होते.

"असेल कालची," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही शास्त्र शिकवता ना? बघून घ्या, असं क्वचित बघायला मिळतं. हृदय आरशात दिसावं तसं. जठराची हवा उजवीकडे, यकृत डावीकडे. सगळी मांडणीच फिरलेली. माणूस मात्र ठणठणीत असतो, जन्मभर कळतसुद्धा नाही."

"आणि अपेंडिक्स?"

"तेही डावीकडेच."

इंदूचंही डाव्या अंगालाच दुखत होतं. "कुणाची का असेना, ती फिल्म मला द्या," म्हटलं आणि ओलीच फिल्म घेऊन सरळ एसटी पकडली.

इंदू बाजेवर मुटकुळं करून पडली होती. सासू तेलाची वाटी घेऊन शेजारी. "हात लावू नका तिच्या पोटाला!" बहिणीच्या सासरी आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज चढला. दिराला पिटाळून तिथल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी विचारलं, "ही फिल्म तुमच्या बहिणीची?" मी तोंड वर करून "हो" म्हणाले. खोटं बोलले की खरं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यांनी नळी उजवीकडे लावली... आणि त्यांचा चेहराच बदलला.

जवळच्या साखर कारखान्याची जीप मिळाली. नगरला ऑपरेशन झालं, डाव्या बाजूनं. आणखी थोडा उशीर झाला असता तर आत फुटलं असतं, असं सर्जन म्हणाले. जीपमध्ये मी दगडासारखी बसले होते, हे ऐकलं आणि व्हरांड्यात भोकाड पसरलं.

पुढे ज्याला ज्याला विचारलं, त्यानं फिल्मची अदलाबदल झाली असणार म्हणून सांगितलं. असेलही. पण मग त्या सकाळी उजवीकडच्या काळजाचं दुसरं कोण आलं होतं तिथे? इंदूनं तर तोवर एक्स-रेचं यंत्र डोळ्यांनीसुद्धा पाहिलं नव्हतं.

टाके निघाल्यावर इंदू माझ्याकडे राहायला आली. मी फिल्म तिच्यासमोर धरली, दवाखान्यातला गोंधळ सांगितला. फोटो कसा काढतात ते काही सांगितलं नव्हतं. तिनं फिल्म हातात घेतली.

"सिंधे, त्या दिशी सकाळी लई ताप हुता. वाटलं, आता मरते मी. आन् एकदम छातीला गारगार लागलं बघ, पत्र्याला टेकल्यावानी. कोनतरी बाप्या म्हनला, श्वास घ्या... रोखा."

मी तिच्या हातातली फिल्म खाली ठेवली. "मग?"

"मग काय, रोखला की!"