मी बेलभंडार उचलला नाही

अण्णांनी तबक माझ्या छातीला टेकवलं. तबकात बेलाची पानं, भंडारा आणि जीपची किल्ली.

"उचल," ते म्हणाले. "समद्या गावादेखत उचल. जल्मात गोळीला हात लावणार न्हाई म्हन. मग किल्ली घे."

रविवारची सकाळ. खंडोबाच्या देवळासमोर गाव जमलेलं. मी आदल्या दिवशीच लातूरच्या व्यसनमुक्ती केंद्रातून सुटून आलो होतो. सुटून म्हणतो, कारण गावात तसंच म्हणतात, जेलमधून सुटावं तसं. बायकांनी तोंडाला पदर लावले होते. पोरं मोबाईल धरून उभी होती, माझी शपथ रेकॉर्ड करायला. बाप टोपी हातात घेऊन पायरीखाली उभा होता. तो अण्णांचा सालगडी. अण्णांसमोर त्याची टोपी डोक्यावर राहिलेली मी कधी पाहिली नाही.

"आदी खिसे बघा त्याचे," मागून कोणीतरी ओरडलं.

अण्णांनी मानेनं खूण केली. मी खिसे उलटे केले. एक रुमाल निघाला आणि एसटीचं तिकीट. लोक हसले. रुमालात हसण्यासारखं काय होतं ते मला आजही कळलेलं नाही.

आमचं गाव किल्लारीकडचं. भूकंपानंतर नव्या जागी बसवलेलं, रांगेतली घरं, सरळ रस्ते. जुन्या गावाच्या दगडांवर आता बाभळी वाढल्यात. तिथंच बसून आम्ही बटन खायचो. बटन म्हणजे झोपेची गोळी. आम्ही झोपायला खात नव्हतो, डोकं बंद करायला खायचो. मी अण्णांची काळीपिवळी जीप लातूर रोडला चालवायचो. पॅसेंजर कमी भरले तर शिवी, जास्त भरले आणि पोलिसानं धरलं तरी शिवी. पहिली गोळी मला अण्णांच्याच पोरानं दिली. "घे मर्दा, शीण जातो," म्हणाला. शीण गेला. मग बाकीचंही सगळं गेलं.

ह्याच पायरीवर मी आधीही बेलभंडार उचलला होता. आमच्याकडं व्यसनी माणसावर हाच इलाज. उचलला की गाव निर्धास्त. पण शपथ घेतलेल्या माणसाच्या पोटात काय चालतं ते गावाला कोण सांगणार? अंग थरथरतं. दात वाजतात. मग एखाद्या दुपारी हात जातोच. एक गोळी खाल्ली की शपथ मोडली. देवाची मोडली म्हणजे आता उरलं काय? एकीवर थांबायचं कशासाठी? मी सबंध पाकीट खाल्लं होतं. गोळीनं मला जेवढं खाली नेलं नसेल तेवढं त्या मोडलेल्या शपथेनं नेलं.

त्याच साली आई गेली. तिच्या मातीला अण्णांनी सगळ्यांदेखत मला सुनावलं, "शपथ मोडून आईला खाल्लंस." बाप टोपी हातात घेऊन ऐकत राहिला. आणि मी ते खरं मानलं. आईला मी मारलं, असं मानून वर्षानुवर्षं गोळ्या खाल्ल्या.

केंद्रात एक मॅडम होत्या. त्यांना मी हे रडत सांगितलं. त्यांनी विचारलं, "आईला झालं काय होतं?"

"किडन्या गेल्या होत्या."

"कधीपासून?"

"मी जीपवर लागायच्या आधीपासून."

मीच बोललेलं मला ऐकू आलं. त्या दिवशी मला रडू आलं नाही, राग आला. अण्णांचा आला. त्याहून जास्त माझा आला, की एवढी साधी गोष्ट मी कोणाला विचारली नाही, स्वतःलाही नाही.

केंद्रात सकाळी आम्ही गोल बसायचो आणि एकेकजण म्हणायचा, आज घेणार नाही. फक्त आज. जन्माचं वचन तिथं कोणी मागत नाही. तिथल्या सगळ्यांनी जन्माची वचनं देऊन मोडलेली असतात.

म्हणून त्या रविवारी मी तबकाकडं बघत म्हणालो, "अण्णा, जल्माचं मला सांगता येत न्हाई. आज खाल्ली न्हाई. एवढंच सांगतो."

"म्हंजे उद्या खाणार?"

"उद्याचं उद्या सांगीन."

गाव पुन्हा हसलं. अण्णा गावाकडं वळले. "बघा! मनात पाप हाय म्हून उचलंना गेलाय."

शेजारी त्यांचा पोरगा खोबऱ्याचा प्रसाद वाटत होता. तोही मधले काही महिने गावात नव्हता. पुण्याला क्लासला गेलाय, असं अण्णांनी सांगितलं आणि गावानं ऐकलं. त्याचे खिसे कोणी उलटे केले नाहीत. प्रसाद देताना त्याचा हात कापत होता. ते कापरं मी ओळखतो. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि त्याच्या तोंडावरचा रंग उडाला. त्याचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. मी गिळलं. अण्णांसाठी नाही. ज्या पायरीवर मला उभं केलं होतं, तिथं मला दुसऱ्या कोणाला उभं करायचं नव्हतं.

बाप पायरी चढून आला. "उचल रं बाबा. उचल अन् मोकळा हो." त्याचे डोळे भरले होते. आयुष्यभर तो असाच मोकळा होत आला. वाकला आणि मोकळा झाला.

"न्हाई बापू," मी म्हणालो.

अण्णांनी तबकातली किल्ली उचलून खिशात टाकली. बाप त्यांच्या मागं मागं गेला, टोपी हातात धरून.

मी फाट्याकडं चालत निघालो. जुन्या गावाजवळ मागून मोटारसायकल आली. अण्णांचा पोरगा. मी त्याचं नाव न घेतल्याचे आभार त्यानं मानले नाहीत. खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून पुढं धरलं.

"घे. लई बोलले तुला. डोकं शांत होईल."

हवी होती मला. खोटं कशाला सांगू, तोंडाला पाणी सुटलं होतं, पाय जागचे हलत नव्हते. तेवढ्यात रस्त्यानं एसटी आली म्हणून पाय हलले; पाकीट त्याच्याच हातात राहिलं.

आता लातूरच्या मोंढ्यात पोती उचलतो. बापाला फोन लावतो, तो उचलत नाही. गावात म्हणतात, देवापुढं नाही म्हणाला, त्याचं काही खरं नाही. नसेलही. केंद्रात माझ्या शेजारच्या खाटेवर होता तो माणूस बरा होऊन घरी गेला आणि पोळ्याच्या आत परत आला. मीही तिथं परत जाणार नाही, असं मला म्हणता येत नाही. पोती वाहताना, जेवताना, उठल्याबरोबर गोळीच आठवते.

बरा झालो, असं मी कोणाला सांगत नाही. पण आईचं मरण आता माझ्या माथी कोणी मारायचं नाही. आणि माझ्यासमोर तबक कोणी धरायचं नाही, अण्णांनी नाही, बापानं नाही.

आज खाल्ली नाही. याच्यापुढचं वचन मी खंडोबालाही देणार नाही.