मागावरचे जोडे

उमरेडला हल्ली लोक वाघ बघायला येतात आणि मला रस्ता विचारतात. नागपुराहून मोटारीने सव्वा-दीड तास, चहाला थांबलात तर थोडा जास्त. आमच्या वेळी मात्र नागपूरला जाणं हाच एक मोठा प्रवास असे. सत्तरच्या दशकातला त्यातला एक माझ्या मनातून अजून जात नाही.

माझे बाबा विणकर. घरात खड्ड्याचा माग होता. काठावर बसून पाय खड्ड्यात सोडायचे आणि खालच्या दोन फळ्या आळीपाळीने दाबायच्या. बाबांना कुष्ठरोग झाला होता. गोळ्यांनी रोग आटोक्यात आला, पण तळपाय बधिर झाले ते झालेच. उजव्या पायाची जखम सहा महिने भरेना. नागपुरातल्या मिशनच्या दवाखान्यातले डॉक्टर मागच्या खेपेला म्हणाले होते, जखम हाडापर्यंत गेली तर पाय कापावा लागेल. पाय गेला की माग गेला. म्हणून कॉलेज बुडवून मी त्यांना घेऊन निघाले.

छोट्या लाईनची, म्हणजे नॅरोगेज गाडी स्वस्त होती, पण तिची चाल अशी की उतरून बोरं वेचावीत आणि परत चढावं. नागपूरच्या इतवारी स्टेशनवर उतरून तर्री-पोहे खाल्ले. बाबांनी चहासाठी पेला घरून आणला होता. शहरातल्या महाल भागात आमचे नातेवाईक होते, पण तिकडे वळलो नाही. येऊ नका असं कोणी म्हटलं नव्हतं, या असंही कोणी म्हणत नव्हतं. दवाखान्याच्या ओसरीवर पथारी टाकायची सोय होती, तीच बरी वाटली.

डॉक्टरांनी जखम धुऊन आम्हाला जोड्यांच्या खोलीत पाठवलं. तिथे दानिएलकाका बसत. पन्नाशीचे, ख्रिस्ती, आयुष्यभर अशाच पायांसाठी जोडे शिवत आलेले. बाबांनी स्वतः विणलेला एक पंचा त्यांना भेट दिला, तो त्यांनी कपाळाला लावून घेतला. त्यांच्या जोड्यात खिळा एकही नसे. तयार झालेल्या प्रत्येक जोड्यात ते हात घालत आणि डोळे मिटून बराच वेळ चाचपत. मला तो देखावाच वाटला. हे काहून करता, मी विचारलंही.

"यायले टोचलं त समजत नाही, पोरी," काका म्हणाले. "म्हणून माह्या हाताले समजलं पाह्यजे."

ज्याचा जोडा त्याचं नाव घेऊन ते चाचपताना प्रार्थनाही करतात, हे मला दुसऱ्या एका रुग्णाने सांगितलं.

मग त्यांनी बाबांना मागच्या खेपेला इथूनच मिळालेला जोडा उलटसुलट पाहिला. जखम जुनी झाली, जोडा मात्र नवाच कसा, असं विचारलं. बाबांच्या आधी मीच सांगून टाकलं की मागावर बसताना ते जोडे दाराबाहेर काढतात आणि दिवसभर उघड्या पायांनी फळ्या दाबतात.

"माग आमचा देव हाय," बाबा म्हणाले. "त्याले जोडा लावू काय? पाय गेला त जाऊ द्या."

मला रडू फुटलं. आता काका रागावतील किंवा उपदेश करतील असं वाटलं, पण त्यांनी जमिनीवर दोन फळ्या ठेवल्या आणि बाबांना त्या दाबून दाखवायला सांगितलं. पाय कुठे टेकतो तिथे खडूने खूण केली. मागाला चामडं चालतं का, हेही विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, उद्या या.

दुसऱ्या दिवशी जोडे तयार होते. खाली मऊ रबर, चामडं नावालाही नाही, आणि पट्टे बाबांच्या पंच्याचे.

"कापड मागाचंच हाय, भाऊ," काका म्हणाले. "रस्त्यावर नका घालू, मातीले लागू देऊ नका. मागापाशीच राहू द्या याले."

बाबांनी विचारलं, माझ्या पायासाठी एवढं काहून करता?

"आमच्या प्रभूनं शिष्यायचे पाय धुतले. मले त नुसते जोडेच शिवा लागते."

परतीच्या गाडीत बाबांनी जोडे मांडीवरून खाली ठेवले नाहीत. घरी आल्यावर ते मागाशेजारी ठेवले, पण दोन दिवस ना जोडे घातले, ना मागावर बसले. माझा जीव टांगणीला लागला. तिसऱ्या सकाळी मागाचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा मऊ. धावत जाऊन पाहिलं तर जोडे बाबांच्या पायात होते आणि पट्ट्यांवर ताजं कुंकू होतं.

जखम हळूहळू भरली. बाबा शेवटपर्यंत दोन्ही पायांनी विणत राहिले.

आता माग नाही. दसऱ्याला मी पाटावर बाबांचा आडवं सूत नेणारा धोटा आणि ते जोडे मांडते. पूजेत जोडे कसे, असं नव्या सुना विचारतात. मी आधी जोड्यात हात घालते, डोळे मिटून आतून चाचपते, दानिएलकाकांचं नाव घेते आणि मग हळद-कुंकू वाहते.