एकटीचा आखाडा

शिवारातल्या नावांबद्दल कुणी भलतंसलतं सांगितलं की माझं डोकं फिरतं. बाळंतिणीच्या माळावर भूतबीत काही नाही. बैलांवर धान्य लादून चाललेल्या तांड्यातली एक बाई तिथं बाळंत झाली आणि दुसऱ्या दिवशी लेकरू पदरात घेऊन पुढं चालू लागली, एवढंच. घोडबुडीच्या नाल्यात निजामाच्या अंमलदाराचं घोडं फसलं होतं. हे सगळं मला आईनं सांगितलेलं. आता शेतातल्या आखाड्यावर, माझ्या राहत्या खोपीत, ऐकायला शेळीशिवाय कुणी नाही, तरी मी सांगत असते.

परवा गोरेगावचा बाजार करून जीपनं परत येत होते. ड्रायव्हर नवा होता. मागच्या सीटवरून एक बाई त्याला म्हणाली, “एकटीच्या आखाड्याच्या जरा पुढं उतरायचंय मला.”

मी फणकाऱ्यानं वळले. “या रस्त्याला असला कोणता आखाडा न्हाई. कोण सांगितलं तुला हे नाव?”

बाईनं मान खाली घातली. “सगळेच म्हणतेत, मावशी,” ती हळूच बोलली. जीपमधली बाकीची माणसं एकदम बाहेर बघायला लागली.

थोड्या वेळानं माझं लिंबाचं झाड दिसलं. “थांब रे, माझा आखाडा आला,” मी म्हणाले.

ड्रायव्हरनं जीप थांबवली आणि मागं वळून त्या बाईला विचारलं, “एकटीचा आखाडा हाच का?”

मी पिशवी घेऊन खाली उतरले.

“व्हय, हाच,” मी त्याला म्हणाले. “नाव बराबर हाय.”